नातीचं नाव, विहीणबाईंची यादी आणि आमची उज्ज्वला

मंडळी, आज दुपारी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाच्या घरी नातीचं नाव ठरवायला बसलो होतो. सूनबाई इटालियन घरातली. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, यादीच घेऊन आल्या होत्या. स्टेला म्हणजे तारा, बियांका म्हणजे शुभ्र, ग्रात्सिया म्हणजे कृपा.

यादी मिटून त्या म्हणाल्या, "पण आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात. तेव्हा ही उज्ज्वला!"

केवढा मान! पण आमची उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, झटकन उठून किचनमध्ये गेली. तिथलं पुटपुटणं मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं. "आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. मी चांगली धडधाकट आहे!"

इकडे विहीणबाई कावऱ्याबावऱ्या. "डिड आय इन्सल्ट हर?"

मी आयुष्यभर दुकान चालवलंय. रुसलेलं गिऱ्हाईक दारातून परत आणायची सवय आहे. विचारलं, "यादीत उजेडाच्या अर्थाचं काही आहे?"

"कियारा! स्वच्छ, उजळ."

मी किचनकडे तोंड करून ओरडलो, "अगं ऐकलंस? अर्थ तुझा, नाव तिचं स्वतःचं!"

ती बाहेर आली, बाळाला मांडीवर घेतलं. "कियारा... चालेल. हिला रागावताना निदान स्वतःलाच ओरडल्यासारखं वाटणार नाही."

मुलाने भाषांतर केलं, तशी विहीणबाईंनी तिला मिठीच मारली.

उरलेली यादी दोघींनी मिळून पुढच्या नातवंडांसाठी फ्रिजवर लावलीय. सूनबाई तिकडे बघायचं टाळतेय.

तुमच्याकडे हयात आजीचं नाव नातीला ठेवतात का हो? आजी काय म्हणाली?