रॉ म्हणजे कोरी नव्हे

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी संगणक शिकवत होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी प्रयोगशाळेतला मुख्य संगणक सुरूच होईना. पेपर त्यातच होते. संशय प्रयोगशाळा सहायकावर आला, कारण किल्ली त्याच्याकडे असे. तो मलकापूरकडचा, घरातला पहिला नोकरदार. चौकशी समितीने बाहेरून हार्डडिस्कची प्रत करून घेतली आणि मत द्यायला माझ्याकडे पाठवली.

अख्खी डिस्क एका मोठ्या फाइलमध्ये उतरवलेली होती. सोबतच्या कागदावर 'फॉर्मॅट : रॉ' असं लिहिलेलं. मी ती माझ्या विंडोजवर डिस्क म्हणून जोडली. तिथेही 'रॉ'च दिसलं, आणि फॉर्मॅट करायची का, असा प्रश्न आला. दोन्हीकडे एकच शब्द आल्यावर मला शंका उरली नाही. आमच्याकडे डिस्क पुसण्याला 'फॉर्मॅट मारणे' म्हणतात. मी लिहून दिलं, डिस्क फॉर्मॅट मारून कोरी केली आहे.

"नक्की न्हवं, सर?" अध्यक्षांनी विचारलं.

"नक्की."

सहायकाची नोकरी गेली.

पुढच्या वर्षी एका प्रशिक्षणात माझी चूक मला कळली. कागदावरचा 'रॉ' प्रतीबद्दल होता : डिस्क जशीच्या तशी उतरवली, एवढाच त्याचा अर्थ. विंडोजचा 'रॉ' म्हणजे आतली मांडणी, फाइल सिस्टिम, त्याला ओळखता येत नाही. त्या संगणकावर विंडोज नव्हतं, लिनक्स ही वेगळी प्रणाली होती, आणि तिची मांडणी विंडोजला वाचता येत नाही; तो संगणक सहायकच सांभाळायचा, मी कधी विचारलंच नव्हतं. एखाद्या मोडी दस्ताची झेरॉक्स हातात यावी, आणि मोडी येत नाही म्हणून पानं कोरी आहेत असं सांगावं, तसं मी केलं होतं. माझ्याकडची प्रत लिनक्सवर उघडली. सगळे पेपर जागेवर होते; डिस्क कुणी पुसलीच नव्हती, संगणक दुसऱ्याच कुठल्या बिघाडाने बंद पडला होता.

तेव्हा विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे होतं. मी गप्प बसलो.

निवृत्तीनंतर कळंब्याला त्या सहायकाच्या घरी गेलो. तो मोबाइल दुरुस्ती करत होता. मी सगळं सांगितलं. त्याने हातातला स्क्रू घट्ट केला.

"त्यावर लिनक्स हाय, हे सांगाय तवाच आलतो की सर. तुमच्या केबिनपर्यंत. सर मिटिंगमध्ये हायत म्हणून शिपायानं परत धाडलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मग शिपायाचीच चूक म्हणायची," तो म्हणाला, आणि चहा मागवला.

शिपायाची चूक नव्हती. सहायक आला तर मी मिटिंगमध्ये आहे म्हणून सांग, असं मीच बजावलं होतं. एवढं मात्र त्या दिवशीही माझ्या तोंडून निघालं नाही.