पियानोच्या गंधारावर टक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी वकिली करतो; साक्षीदार "मला तसं वाटलं" म्हणाला की तिथंच त्याला धरतो. तेव्हा हे वाचून हसायचं तर खुशाल हसा.

हुबळीत देशपांडे नगरला आमचं घर. वडील — अप्पा — व्हायोलिन शिकवायचे. आपलं हिंदुस्तानी, मांडी घालून. शिष्याचा स्वर जरा हलला की बोलायचे नाहीत, बोटातली अंगठी शेजारच्या पितळी तांब्यावर वाजवायचे. टक. सगळ्यात जास्त टक खाल्ले ते माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. अप्पा गेले आणि तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं ते ठेवलंच. मध्ये एकदा म्हणाली, "देऊन टाकूया की रे कुणाला तरी. ऐकणारं कोण राहिलंय?" मला फार वाईट वाटलं.

मित्रानं जर्मनीहून एक सीडी आणली होती, ती एका रविवारी दुपारी सहज लावली. व्हायोलिन आणि पियानो, रोमँटिक काळातला सोनाटा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय रचना. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण संथ भाग सुंदर होता. व्हायोलिन एक ओळ म्हणतं, पियानो तीच हळूच परत म्हणतो... आणि पियानो गंधारावर, 'ग'वर, आला तेव्हा — टक.

अक्का भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"ऐकलास काय रे?"

"सीडीला ओरखडा असेल."

"ओरखड्याला गंधार कळतोय होय? पियानोचा गंधार चढाच असतोय, आपल्यापेक्षा जरा वर. अप्पांना कधी खपला नाही की तो."

पुन्हा लावली. पियानोच्या गंधारावर टक, व्हायोलिनच्या एकदाही नाही. ऑफिसात एकट्यानं ऐकली, काही नाही. मित्राकडेही नाही. घरी अक्का समोर बसली की मात्र टक. तांबा तर केव्हाच मोडीत गेलेला.

शेवटी एका संध्याकाळी अक्कानं पेटी उघडली, नव्या तारा चढवल्या आणि तीच ओळ वाजवायला बसली. तेव्हापासून सीडीतला टक बंद आहे, कितीही वेळा लावा.

अक्का आता रोज वाजवते. स्वराला इतकी पक्की बाई, पण त्या ओळीत मुद्दाम गंधार जरा चढा लावते... आणि कान देऊन थांबते. आतल्या खोलीत फाइल वाचताना मीही थांबतो.