वहिनीचं वय न सांगणारं अ‍ॅप

आमच्या गावच्या शेतकरी कंपनीने माहितीच्या गोपनीयतेचा विचार सुरू केला तो भज्यांमुळे. एका संचालकाला वाशीमच्या बसस्टँडजवळ भजी बांधून मिळाली, ती त्याच्याच आधार कार्डाच्या झेरॉक्समध्ये. फोटोवर तेल उतरलं होतं. नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता. सभासदांचे कागद कार्यालयातून थेट रद्दीत गेले होते.

माझा पुतण्या तेव्हा पुण्याची नोकरी सोडून गावी आला होता. नेमकं याच आजारावरचं सॉफ्टवेअर तो विकत होता. त्याच्या अ‍ॅपमध्ये कुणी कुणाला कागद देत नाही; आधारची माहिती सभासदाच्याच फोनमध्ये राहते. कंपनीने प्रश्न टाकायचा, सभासदाने आपल्या फोनवर ‘मंजूर’ दाबायचं, की पडद्यावर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ उमटतं. उत्तर खरं असल्याचं गणिताने सिद्ध होतं. विचारणाऱ्याला त्यापलीकडे काहीच कळत नाही. याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात, असं त्याने कंपनीच्या वाशीमच्या कार्यालयातल्या सभेत सांगितलं.

“खरं हाय हे कायवरून?” अध्यक्षांनी विचारलं.

“गणितावरून.”

“कोनाच्या?”

पुतण्याने फळ्यावर काहीतरी लिहायला घेतलं. अध्यक्षांनी हाताने थांबवलं. “राहू दे. चालू करून दाखव.”

हे अध्यक्ष जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. बैलाच्या तोंडात एकदा बोट घातलं की वय सांगणारे.

पहिली चाचणी ड्रोनच्या प्रशिक्षणावर ठरली. कंपनीला फवारणीचा ड्रोन मिळणार होता. तो चालवायला एका महिलेची निवड करायची होती आणि अट एकच होती: वय पंचेचाळिसाच्या आत. माझ्या चुलतभावाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, नाव दिलं होतं. ड्रोन तिला मनापासून हवा होता. अडचण कागदावरच्या जन्मतारखेची होती. लग्नाच्या बोलणीत तिच्या मामांनी तिचं वय खाली आणलं होतं. प्रत्यक्षात ती नवऱ्यापेक्षा मोठी. हे नवऱ्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिच्या सासूला, म्हणजे माझ्या काकूला, ठाऊक नव्हतं. आणि काकूच्या नावावरही शेअर असल्यामुळे काकू सभेला पहिल्या रांगेत बसलेली होती.

“तारीख दिसनार नाई ना?” वहिनीने पुतण्याला दारातच गाठून विचारलं.

“कोणालाच नाही. मलासुद्धा नाही.”

तेवढ्या भरवशावर ती पुढे जाऊन बसली.

अध्यक्षांनी टॅबलेटवर प्रश्न टाकला: पंचेचाळिसाच्या आत? वहिनीचा फोन वाजला. तिने मंजूर दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं ‘होय’ आलं आणि टाळ्या पडल्या. काम इथे संपलं होतं.

पण अध्यक्षांच्या हातात अजून टॅबलेट होता.

“तिसाच्या वर?” त्यांनी टाकलं. वहिनीचा फोन पुन्हा वाजला. बँकेच्या केंद्रावर फोन वाजला की दाबायचं, ही आमच्याकडची रीत आहे. तिने दाबलं. होय.

“पस्तिसाच्या वर?” होय.

मागच्या रांगा पुढे सरकल्या. बाजारात दलाल दोन्ही बाजूंनी आकडा आवळत आणतो, तसं चाललं होतं आणि लोकांना ते चांगलं समजत होतं. पुतण्या उठून म्हणाला, “साहेब, अटीत नाही ते विचारू नका. असं घेरलं तर वय निघेल.”

“मी कुठं वय विचारून राह्यलो? मी त फक्त होय-नाई विचारून राह्यलो,” असं म्हणत अध्यक्षांनी पुढचा प्रश्न टाकला. “चाळिसाच्या आत?”

चुलतभाऊ एकोणचाळीस वर्षांचा. वहिनीने अंगठा वर धरला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने पडद्यावर लाल अक्षरं आली: सभासदाने मंजुरी दिलेली नाही.

“समजलं,” मागून एक जण म्हणाला. लोक हसले. गणिताच्या दृष्टीने चाळिसाबद्दल काहीही उघड झालेलं नव्हतं.

काकू उभी राहिली. वार्ताहर म्हणून उघडलेली वही मी मिटली.

“अध्यक्ष, तुमी बैल पाहून राह्यले का बाई?” काकू म्हणाली. “कंपनीच्या नियमात संचालक सत्तरच्या आत पाह्यजे, असं हाय ना? त्या पोराले सांगा, तुमाले बी एक प्रश्न टाक म्हना.”

अध्यक्षांनी खिसे चाचपले. “फोन घरी राह्यला वाटते.”

“मंग वरच्या खिशात काय पेटून राह्यलं?”

पुतण्याने प्रश्न टाकलेला होता. फोन वाजत राहिला, अध्यक्ष छताकडे पाहत राहिले. शेवटी ठराव झाला: ज्या कामाची जी अट, तेवढाच प्रश्न, तोही एकदाच. वहिनीची निवड कायम. पुतण्याला कंपनीचं काम मिळालं आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅपमध्ये प्रश्नांना कुलूप बसलं. घरची माणसं गुंतलेली असल्याने मी बातमी दिली नाही.

परतताना ऑटोत काकू, वहिनी आणि मी होतो. चुलतभाऊ मोटरसायकलवर मागून येत होता, मुद्दाम अंतर ठेवून. गाव दिसू लागलं. वहिनी पदराने डोळे टिपत बसली होती.

“किती?” काकूने विचारलं.

“दोन वर्सं,” वहिनी म्हणाली.

काकूने हिशोब केल्यासारखा चेहरा केला. “तरीच. त्याले लग्नाआधी काई अक्कल नव्हती, मंग आली कुठून म्हनत होती मी.” मग ती वहिनीकडे वळली. “आता कायले रडते? ड्रोन आला की पह्यली फवारनी आपल्या तुरीवर. अध्यक्षाचं वावर सगळ्याच्या शेवटी.”

“त्याचा नंबर यादीत पह्यला हाय, आई.”

“असू दे,” काकू म्हणाली. “त्या दिवशी बॅटरी संपली म्हनजो.”