नऊ नंबरची काच

ती पहिल्यांदा आमच्या रहिवासी संघटनेच्या खोलीत आली तेव्हा मी फोनवर एका साहेबावर ओरडत होतो. ती बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझं ओरडणं संपेपर्यंत भिंत बघत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, “तुमच्या त्या कोपऱ्यात ओल धरलीय. बाहेरून येतेय.”

“बाई, आम्ही इथं भाड्यानं आहोत. काम काय ते बोला.”

“तीस वर्षं झालेल्या इमारतीची बाहेरची बाजू इंजिनिअरकडून तपासून घ्यायची आणि तो सांगेल ती दुरुस्ती करायची, असा नियम आहे ना? तो मला नीट समजावून सांगा. आमची मुदत तीन वर्षांनी संपते.”

“तीन वर्षांनी? मग आज कशाला पाय झिजवलेत?”

“नंतर तुमच्याकडे गर्दी होते, म्हणून.”

मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

ती म्हणाली ते खरंच होतं. नोटीस येते, दाराआडच्या खिळ्याला अडकते आणि शेवटच्या महिन्यात अख्खा मोहल्ला पळत सुटतो. तेव्हा इंजिनिअर फोन उचलत नाही, परांचीवाल्याचे बांबू दुसरीकडे बांधलेले असतात, आणि जो गवंडी मोकळा असतो तो का मोकळा आहे हे पहिल्या दिवशीच कळतं. मग कुठंतरी छज्जा पडतो आणि लोक माझ्याकडे येतात. छज्जा पडल्यावर मी काय करणार? भांडणार. तेवढंच मला येतं.

ही बाई पडायच्या आधी आली होती.

एकतीस वर्षं ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. लग्न केलं नाही. तळमजल्यावर एकटी राहायची. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचा दादा आणि वहिनी. आई लवकर गेली, तेव्हा दादानंच हिला वाढवलं. तो घड्याळजी. लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून त्यानं बहिणीला शिकवलं. तिच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो तिला “बारके” म्हणायचा आणि तीही ओ द्यायची.

रिटायर होताना तिनं प्रयोगशाळेतून एकच गोष्ट मागून आणली. कोपरे उडालेल्या, कामातून गेलेल्या काचपट्ट्यांची दोन खोकी. भिंतीला चीर दिसली की ती चिरेवर आडवी काचपट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना घट्ट गोंद लावून चिकटवायची आणि वर तारीख लिहायची. भिंत स्थिर असली तर काच तशीच राहते. चीर केसभर जरी रुंदावली तरी काच फुटते. तिला वाकवता येत नाही, समजावता येत नाही. हे तिला एका म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं होतं.

जिन्यात, टाकीखाली, गच्चीच्या कठड्याला अशा चौदा काचा लागल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती विजेरी घेऊन फिरायची आणि वहीत लिहायची, ‘अखंड’ किंवा ‘फुटली’. लोकांनी तिचं नाव काचवाली ठेवलं. पहिल्या मजल्यावरचा, सोसायटीचा अध्यक्ष, भलीमोठी मिशी असलेला, जिन्यात भेटला की विचारायचा, “काय काचवाली, आमची इमारत पास की नापास?”

“तुमचा मजला काठावर आहे,” ती म्हणायची.

पण त्याच अध्यक्षाकडून तिनं दुरुस्तीसाठी दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी काढायचा ठराव करून घेतला. इंजिनिअर दोन वर्षं आधी ठरवून ठेवला. परांचीवाल्याला विचारून ठेवलं की पावसाळा संपल्या संपल्या बांबू आम्हालाच हवेत. तो हसला होता. “बाई, अजून दोन पावसाळे जायचेत.” ती म्हणाली, “जातील की. लिहून घ्या.”

सगळं असं शिस्तीत चाललं होतं, आणि मुदतीला सहा महिने राहिले तेव्हा दोन गोष्टी झाल्या.

पहिली, अध्यक्षाच्या डोक्यात आलं की तपासणीआधी इमारत रंगवून घ्यावी. “तपासायला माणूस येणार, घर जरा बरं नको दिसायला?” मी ऐकलं तेव्हा माझं टाळकंच फिरलं. भेगा बुजवून रंग फासला की वर्षभर कुणाला काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही तेच एक दिवस डोक्यात पडतं. मी म्हटलं, रंगाचं ठरवायच्या सभेला मी येतो. ती म्हणाली, “या. पण ओरडायचं नाही.”

दुसरी गोष्ट नऊ नंबरच्या काचेची.

नऊ नंबर दादाच्या गॅलरीत होती. बाजारातलं त्याचं दुकान रस्ता रुंद करताना गेलं. तेव्हापासून त्यानं तिसऱ्या मजल्याची गॅलरी बंद करून तिथंच टेबल मांडलं होतं. तिन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या आणि उत्तरेचा उजेड. डोळ्याला भिंग लावून तो सकाळी नऊला बसायचा तो जेवायलाच उठायचा. वहिनी म्हणायची, “मी त्या गॅलरीशी लग्न केलंय, हे मध्ये मध्ये येऊन जेवून जातात.”

गॅलरीची बाजूची भिंत जिथं मूळ इमारतीला चिकटते तिथं वरून खाली एक चीर होती. काच लावली होती अगदी वर, छताजवळ, कारण गॅलरी पुढं झुकली तर वरच आधी उघडणार. आणि त्या गॅलरीच्या बरोबर खाली इमारतीचं दार. सगळे त्याच दारातून येणार-जाणार.

तिचे गुडघे दुखायचे, म्हणून ती खालूनच विजेरी मारायची. दादा मान वर न करता म्हणायचा, “अखंड आहे गं बारके, लिही.” आणि ती लिहायची. अडीच वर्षं लिहिलं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ती इंजिनिअरसाठी प्रत्येक काचेचा जवळून फोटो काढत होती. वहिनीनं स्टूल धरलं. ती वर चढली, चष्मा सरसावला आणि तशीच उभी राहिली.

कारखान्यातल्या काचपट्टीच्या कडा घासलेल्या असतात, बोट फिरवलं तर कापत नाही. आयुष्यभर त्या कडा तिच्या चिमटीत होत्या. या काचेची कड कोरी होती, काच कापायच्या हिरकणीनं कापून तोडलेली. लांबी-रुंदी तंतोतंत. तारीखही तीच, अक्षरही तिचंच वाटावं असं. पण काच तिची नव्हती.

ती खाली उतरली. वहिनीला म्हणाली, “जरा चहा टाकता?” वहिनी आत गेली.

“दादा, किती फुटल्या?”

घड्याळजीच्या चिमट्यात एक स्प्रिंग होती. ती त्यानं आधी जागेवर बसवली. मग म्हणाला, “तीन.”

“आणि तू दर वेळी नवी लावलीस.”

“मी खोटं बोललो नसतो बारके. पण इथून उठवलं तर मी बसू कुठं? आतल्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो. दिव्याखाली मला घड्याळाचं पोट दिसत नाही. या वयात दुसरं काय शिकू?”

तिनं वही उघडून नऊ नंबरच्या नोंदी चाळल्या.

“तू फक्त अखंड लिहायचीस. मला वाटलं, तेवढ्यानं चालतंय तर चालू दे.”

“खाली दार आहे, दादा.”

“माहितीय मला खाली काय आहे. रोज वरून बघतो.”

चहा आला. दोघांनी तो वहिनीसमोर हवापाण्याच्या गप्पा मारत प्यायला. निघताना ती म्हणाली, “उद्या यादी मी वाचणार आहे. नऊ नंबरपुढची जागा कोरी ठेवलीय. काय लिहायचं ते तू सांग.” दादानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सभा सुरू व्हायच्या आधी गच्चीच्या जिन्यात सांगितलं. मी म्हटलं, “कोरी कसली ठेवता? लिहा फुटली!”

ती म्हणाली, “तुम्हाला सोपं आहे. काल संध्याकाळी मी पेन उघडून ‘अखंड’चा अ लिहिला होता. मग खोडला. त्यानं मला वाढवलंय. मी त्याला त्याच्या उजेडातून उठवू?”

ओरडायला कुणी साहेब समोर नव्हता.

गच्चीवर पंचवीसेक माणसं होती. अध्यक्षानं रंगाची पुस्तिकाच आणली होती, फिकट पिवळा की बदामी एवढाच प्रश्न उरल्यासारखी. काचवालीनं विचारलं, “डॉक्टरकडे जाताना तुम्ही तोंडाला पावडर फासता का?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आमची ही फासते!” सगळे हसले, त्याची बायकोसुद्धा. पण हसून लोक परत बदामीवरच आले. बदामीवर मळ दिसत नाही म्हणे.

“आधी यादी ऐका,” ती म्हणाली आणि वाचायला लागली. एक, अखंड. दोन, फुटली, टाकीखाली. तीन, चार, पाच अखंड. लोक जांभया देत होते. आठ झालं आणि ती थांबली. कागद तसाच धरून उभी राहिली. अध्यक्ष म्हणाला, “पुढं? नऊ?”

दादा शेवटच्या रांगेत होता. उठून पुढं आला आणि शर्टाच्या खिशातून घड्याळाचे सुटे भाग ठेवायची चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. आत कापसावर तीन फुटक्या काचा, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधलेली. कुठल्याही घड्याळाचं काय बिघडलं ते तारखेसकट लिहून ठेवायची त्याची सवय. लपवाछपवी करतानाही हात त्या सवयीनंच चालले होते.

“पहिली चौदा महिने टिकली,” तो म्हणाला. “दुसरी नऊ. तिसरी पाच. चौथी लावून दोन महिने झालेत. सगळ्या मी बदलल्या, माझ्या बहिणीला माहीत नव्हतं. गॅलरी पुढं चाललीय, आणि तिचा वेग वाढतोय.”

पुढच्या रांगेतले डबीवर वाकले.

मिशीवाल्यानं डबी जवळ ओढली, चिठ्ठ्या वाचल्या आणि रंगाची पुस्तिका मिटली. मग दादाकडे बघून म्हणाला, “अहो घड्याळजी, माझी नात रोज त्या दारात रिक्षाची वाट बघते.”

“हो,” दादा म्हणाला. “लाल रिबीन.”

बस, एवढंच. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. मी दिल्या असत्या, पण मला ओरडायचं नाही असं बजावलेलं होतं, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघून माझ्यानं झालंही नसतं.

इंजिनिअर दोन दिवसांत आला. तो म्हणाला, नुसती काच फुटलेली असती तर मी फक्त नोंद केली असती. भिंत किती महिन्यांत किती सरकली याचा हिशेब कुणी कधी देत नाही. त्याच आठवड्यात गॅलरीखाली लोखंडी टेकू लागले, दार बंद करून मागच्या बाजूनं ये-जा सुरू झाली. रंगाआधी गिलावा ठोकून बघितला. जिथं बद्द आवाज आला तिथं सोलून काढला, गंजलेल्या सळया बदलल्या. मुदतीच्या दोन महिने आधी दाखला हातात. गल्लीतल्या बाकीच्या इमारती तेव्हा परांचीवाल्याला शोधत होत्या.

गॅलरी तोडली. ती वाचवण्यासारखी नव्हती.

तोडायच्या दिवशी दादा घरात थांबला नाही. परत आला तेव्हा तिथं नुसती भिंत होती. दीड महिना तो बहिणीशी बोलला नाही. ती रोज संध्याकाळी वर जायची, वहिनीशी बोलायची, खाली यायची. मग एक दिवस तिनं हमालाला बोलावून दादाचं टेबल स्वतःच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी आणवलं. स्वतःची खाट आतल्या काळोख्या खोलीत हलवली. विचारलं कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला दादा आला आणि खुर्चीवर बसला.

मी गेल्या महिन्यात गेलो होतो. ती पुढच्या तपासणीचं वेळापत्रक लिहीत बसली होती, पाच वर्षांनंतरच्या. दादा खिडकीशी. रस्त्यावर एक बाई थांबली, खिडकीतूनच घड्याळ आत दिलं आणि गेली. तीन मजले चढायला कंटाळणारी माणसं आता येतात म्हणे.

“मग, बरं चाललंय ना इथं?” मी विचारलं.

“चाललंय,” दादा भिंग न काढता म्हणाला. “पण वरचा उजेड वेगळा होता.”

काचवालीचं पेन थांबलं. मग तिनं उठून खिडकीचा पडदा आणखी थोडा बाजूला सारला, आणि परत येऊन लिहायला बसली.