मास्तर आणि लिलीवरचे लाल भुंगेरे

मास्तर शिंपी होते. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशांपुरताच. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, मागच्या दारी चार पावलांची बाग आणि बागेत बायकोच्या लिली. बायको पोस्टातून निवृत्त झालेली. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिला खाली बसवत नसे, म्हणून लिलीवरचे किडे वेचायचं काम मास्तरांकडे आलं. ती खुर्चीतून हुकूम सोडायची, ते उकिडवे बसून पाळायचे. संसारही साधारण असाच झाला होता.

लिलीचा लाल भुंगेरा मोठा लबाड. हात जवळ आला की पाय आखडून खाली पडतो, तोही उताणा. पोट काळं, माती काळी. मग बसा शोधत. मास्तरांनी त्यावर शिंप्याचा तोडगा काढला. उरल्यासुरल्या पांढऱ्या अस्तराचे गोल तुकडे कापून प्रत्येक रोपाच्या बुंध्याला कॉलरसारखे बसवले. रोप हलवलं की कापडावर काळे ठिपके पडायचे. ते उचलायचे आणि साबणाच्या पाण्याच्या मगात टाकायचे. पानांखालची अंडी अंगठ्याने पुसायची. अळ्या स्वतःच्याच घाणीने अंग माखून बसतात, त्या काढताना मास्तर तोंड फिरवायचे. फवारणी करायची नाही, मधमाश्या मरतात, हे बायकोने ठणकावून सांगितलेलं.

खरी अडचण वेगळीच होती. मास्तरांना नीट दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे साय धरल्यासारखं व्हायचं. मोतीबिंदू असणार, एवढं त्यांनाही कळत होतं. पण बोललं की ऑपरेशन, आणि ते बिघडलं की मशीन बंद. मशीन बंद झाल्यावर दिवसभर करायचं काय, हे त्यांना सुचतच नसे. म्हणून अळीमिळी गुपचिळी. काळं कापड आलं की हातात फार काम आहे म्हणून परत पाठवायचे.

यंदा साबणाच्या पाण्याचा मग रोज किड्यांनी भरत होता आणि कळ्या मात्र सुकत चालल्या होत्या. एका सकाळी बायकोने खुर्चीतूनच एक कळी ओढून बोटाने चाचपली.

"चिकट लागतेय. मावा चढलाय सगळा, रस शोषतोय कळ्यांचा."

"मी काय त्याला आवतण दिलं होतं?"

"तो मग आणा इकडे."

तिने चष्मा लावून मगात पाहिलं. लांबट लाल भुंगेरे थोडेच होते. बाकी सगळे गोल, फुगीर पाठीचे, अंगावर काळे ठिपके.

"अहो, हे ढालकिडे. मावा खाणारे. राखणदारच बुडवलेत की तुम्ही."

"कापडावर उताणे पडतात. पोट दोघांचंही काळंच."

"आणि मगात सुलटे तरंगतायत त्यांचं काय? पाठीवर ठिपके दिसत नाहीत?"

मास्तर मगात वाकून पाहत राहिले. लाल दिसत होतं. लालावरचं काळं काही केल्या दिसेना.

बायकोने मगावरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वकीलबाईंचा कोट परत का पाठवलात?"

"काळा होता," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"ऑपरेशन बिघडलं तर मी काय करू गं? दारात बसून माणसं मोजू?"

"न करता तरी काय करताय? गिऱ्हाइकं परत पाठवताय आणि माझे ढालकिडे मारताय." तिने मग खाली ठेवला. "बिघडलं तर बघू. मी आहे ना बोलून डोकं खायला. वेळ सहज जाईल."

मास्तरांना हसू आलं. मग म्हणाले, "लेकीला फोन तू कर. मी केला तर रडेल."

"उद्याच डॉक्टरकडे न्यायला सांगते. आता आधी या लिली बघा."

त्यांनी तिची खुर्ची वाफ्याला खेटून ठेवली, रोप हलवलं आणि कापडावरचा एक किडा तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला.

"हा?"

"बुडवा."

"हा?"

"सोडा त्याला. तिथे नाही हो, कळीवर सोडा. जेवायचाय तो अजून."