सुकदेव मिस्तरीचा टिक्का

सुकदेव मिस्तरीला कौतिकचं सगळंच खुपायचं. त्याच्या गॅरेजवरचा नवा पत्रा खुपायचा, दारातली ट्रकची रांग खुपायची, इतकंच काय, दुपारी जेवून आलेल्या कौतिकचा ढेकरसुद्धा त्याला रस्त्याच्या अलीकडे ऐकू यायचा म्हणे! धुळ्यात आग्रा रोडवर दोघांची गॅरेजं समोरासमोर. आणि हा कौतिक कोण? तर नऊ वर्षं मिस्तरीच्याच हाताखाली शिकलेला गडी.

बरं, शिकला तो शिकला, वेगळा झाला तोही झाला. पण सत्याऐंशीच्या कापसाच्या हंगामात त्याने नवंच खूळ काढलं. ट्रकच्या पुढच्या चाकांच्या मध्ये एक आडवा दांडा असतो, वळणावर गाडीला एका अंगावर कलू देत नाही तो. कौतिक भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या मिलिटरी ट्रकचे जाड दांडे हुडकून आणायचा, जुन्या टायरचं रबर कापून मध्ये भरायचा आणि आपल्याकडच्या गाड्यांना बसवून द्यायचा. केबिनच्या वर हातभर कापूस रचलेली गाडी घाटात झुलायची, ती सरळ चालायला लागली. झालं! साक्री-शिंदखेड्यापासून ड्रायव्हर कौतिकचं नाव विचारत यायला लागले.

"भंगारातला दांडा घालून कोणी मिस्तरी होतो का रे?" सुकदेव येईल त्याला ऐकवायचा. खरं दुखणं वेगळंच होतं. तीस वर्षं त्याच भंगारात आपण हात काळे केले, मग हे आपल्याला का नाही सुचलं? या एका विचाराने त्याला रात्रंदिवस चैन नव्हती.

त्यात एक दिवस धनसिंगने गाडी थेट कौतिकच्या दारात लावली. धनसिंग म्हणजे मिस्तरीचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. वर रस्ता ओलांडून सांगायलाही आला, "नाना, राग मानू नका. घाटमा गाडी भलती झुलस, म्हनीसन दांडा बसाडी लेस."

"बसव की! मला कशाला विचारतो?" मिस्तरी म्हणाला, आणि पाना असा आपटला की धनसिंग दोन पावलं मागे सरला.

आता मिस्तरीची एक सवय सांगायलाच हवी. नट शेवटचा आवळून झाला की तो त्यावर लाल ऑइलपेंटचा टिक्का लावायचा. खिशात डबी, डबीत काडी. टिक्का दिसला तर नट झाला, नाही दिसला तर राहिला. मधेच कोणी हाक मारो, चहा येवो, चूक म्हणून व्हायची नाही. कौतिक वेगळा झाला तेव्हा हसून म्हणाला होता, "नाना, टिक्का लाईसन नट घट्ट होस का?" ते हसणं मिस्तरीच्या काळजात अजून तसंच होतं.

त्या दुपारी धनसिंगच्या ट्रकचं काम आटपून कौतिक जेवायला गेला. धनसिंग चहाला गेला. मिस्तरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, रस्ता ओलांडला आणि सरळ ट्रकखाली शिरला. लेकाच्याने बसवलंय कसं ते बघायचंच होतं त्याला.

काम सुंदर होतं. तेच वाईट होतं! दांडा नीट मधोमध, रबर बरोबर मापाचं. मिस्तरी चडफडत एकेक नट चाचपत गेला. डाव्या बाजूचा शेवटचा नट मात्र त्याच्या बोटांनीच गरकन फिरला. नुसता अडकवलेला! काम चालू असताना कोणीतरी हाक मारली असणार, आणि उठून परत येईपर्यंत कोणता आवळला नि कोणता राहिला, हे कौतिक विसरला असणार.

खोटं कशाला बोला, मिस्तरीला आनंद झाला. इतका, की तो ट्रकखाली पडल्या पडल्याच हसला. घाटात नट गळेल, दांडा सुटेल, कौतिकचं नाव मातीत जाईल. आपल्याला करायचं काय? काहीच नाही!

परत आला तर बायको, शेवंताबाई, भाकरी घेऊन आली होती. त्याने तिलाही हसत हसत सगळं सांगितलं. तिने ठेच्याचा डबा उघडता उघडता मान वर केली.

"पण गाडीत कौतिक बसणार आहे की धनसिंगभाऊ?"

मिस्तरीच्या हातातला घास हातातच राहिला. समोर धनसिंग चहा पिऊन येत होता. "मेलं त्याचं नशीब!" असं कौतिकच्या नावाने पुटपुटत मिस्तरीने पाना उचलला. "थांब रे धनसिंग, माझी काडेपेटी खाली राहिली," म्हणून तो पुन्हा खाली शिरला आणि सगळा राग त्या नटावर काढला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला लाल रंग होता. सवयीने टिक्का लागून गेला होता! पुसायला परत वाकेपर्यंत ट्रक निघाला.

चार दिवस मिस्तरीला अन्न गोड लागलं नाही. चोरासारखा दुसऱ्याच्या दारातल्या ट्रकखाली शिरला, असा बाजारात बोभाटा झाला तर? पाचव्या दिवशी धनसिंग आला तो रस्त्यातूनच ओरडत, "कौतिक, वाह रे गड्या! घाटमा गाडी हालनी बी नही!" मिस्तरीच्या अंगाची लाहीलाही झाली. आणि तोंड तर उघडता येईना.

कौतिक रबर बघायला ट्रकखाली गेला. बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तो उतरल्या चेहऱ्याने, रस्ता ओलांडून थेट मिस्तरीपुढे.

"नाना, तो नट मना हातथून राहेल व्हता."

"कोणता नट? मला काय माहीत?"

"तो रंग कोठे भेटस, नाना?"

मिस्तरीने त्याच्याकडे बघितलंच नाही. खिशातली डबी काढली आणि फळीवर आदळली. "नेऽऽ! तेवढंच राहिलं होतं माझ्याकडं."

त्या आठवड्यात कौतिकच्या दारातून निघालेल्या प्रत्येक ट्रकखाली लाल टिक्के होते. मिस्तरी एकदा भर दुपारी, सगळ्यांदेखत, वाकून बघून आला. शेवंताबाईने विचारलं, "कसे आहेत?"

"जळो मेलं," मिस्तरी म्हणाला, "टिक्कासुद्धा माझ्यापेक्षा गोल लावतो!"