मिस्तऱ्याने हातात धरलेलं काम

देवाला घराचा पत्ता सांगून प्रार्थना करणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या कुंपणाला लागून राहतो. धर्माने ख्रिस्ती, धंद्याने सुतार, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा म्हणजे पंच्याहत्तरीच्या पलीकडे, आणि लग्नाच्या भानगडीत कधी पडला नाही. सगळी वाडी त्याला मिस्तरी म्हणते. मी चौथी शिकलेला माणूस. पुढे काजूची बाग आणि भाताचे दोन कुणगे यातच जन्म गेला. तेव्हा देव आहे की नाही हे मला कोणी विचारू नये. पण ख्रिस्ती माणसाचा देव मागितलेलं देतो की नाही, हे मात्र मी बेचाळीस वर्षं कुंपणाच्या अलीकडून ऐकत आलो आहे.

ऐकत आलो म्हणजे ऐकावंच लागतं. लाकूड कापायच्या यंत्राच्या आवाजाने मिस्तऱ्याचे दोन्ही कान अर्धे नेले, त्यामुळे तो देवाशी ओरडून बोलतो. दिवेलागणीला अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावायची, टोपी काढून काखेत धरायची आणि सुरू करायचं. "देवा, मालवणाकडसून येताना वहाळाचो साकव लागता. तो उतारलो काय डाव्या हाताक कोकमाचा झाड. थंयसून तिसरा घर, कौलाचा, पत्र्याचा न्हय." मग त्या घरच्या माणसाचं नाव, बापाचं नाव, आणि शेवटी काय हवं ते. माझी बायको त्याच वेळी दोरीवरचे कपडे काढत असायची. ती मधेच ओरडायची, "मिस्तऱ्यानु, कोकम उजव्या हाताक हा." तो थांबायचा, देवाला म्हणायचा, "उजव्या हाताक, चुकलंय," आणि पुढे जायचा.

ही पत्त्याची खोड त्याला एका गायीने लावली. आमच्या वाडीत एकाच आडनावाची अकरा घरं. त्यातल्या एकाची गाय हरवली म्हणून मिस्तऱ्याने नुसतं आडनाव घेऊन मागणं केलं. ज्याची हरवली होती त्याची आलीच नाही. पण त्याच आडनावाच्या पलीकडच्या घराने दोन महिन्यांपूर्वी विकलेली गाय दावं तोडून परत दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग विकत घेणारा शिव्या घालत आला. तेव्हापासून पत्ता. त्यांच्या पाद्रीबाबांनी एकदा समजावलं, की देवाला सगळं ठाऊक असतं, पत्ता कशाला? मिस्तरी म्हणाला, "पाद्रीबाब, तुमी तेचीच माणसा. माझ्या घराक येताना तीन घरां चुकलात." पाद्रीबाब चहा पिऊन गेले.

दुसरी खोड, दिवसाला एकच मागणं. दोन मागणी एका दिवशी कदापि नाही. कारण विचारलं तर धंद्यातलं. "एका दिसाक तीन गिऱ्हायकां इली तर माझ्या हातसून एकाचाय काम धड होणा नाय. जेजू पण सुताराचोच झील. आमच्याच धंद्यातलो." जेजू म्हणजे त्यांचा येशू, सुताराचा मुलगा. त्यामुळे त्याच्याकडे नंबर लावावा लागे. आणि लावणारे सगळे आम्ही हिंदूच. देवळात गाऱ्हाणं घालून झालं, नवस बोलून झाला, की एक फेरी मिस्तऱ्याकडे. कोणाला भाड्याच्या खोल्यांना पर्यटक हवेत, कोणाला काजूवरचा मोहोर टिकायला हवा. मास्तरांनी मोबाइलची रेंज मागितली. आमचे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, विज्ञान शिकवायचे, तेही आले. महिन्याभरात रेंज आली, पण फक्त मास्तरांच्या संडासात. मुंबईच्या मुलांशी बोलायचं तर अजूनही आम्ही तिथे जाऊन उभे राहतो. मास्तर तक्रार करायला गेले तर मिस्तरी म्हणाला, "पत्तो तुमच्या घराचो दिलेलो. खयच्या खोलयेत व्हयी, ता तुमी सांगूक नाय."

मिळालेलं उशिरा मिळालं, भलतं मिळालं, तरी तो देवाचीच बाजू घ्यायचा. घेणारच. स्वतः त्यातलाच. माझ्या बायकोने त्याला पाण्याचे हंडे ठेवायला घडवंची करायला सांगितली होती. लाकूड सुकलं नाही, लाकूड सुकलं नाही म्हणत त्याने सात वर्षं काढली. घडवंची दारात आली तेव्हा नळ येऊन हंडे माळ्यावर गेले होते. बायकोने त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. वर तो तिलाच म्हणाला, "बगलात, वयनी? घाई केली असती तर बरणये खंय ठेवतलात?" मी त्या दिवशी त्याला बरंच काही बोललो. ती मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

गेल्या गणपतीआधी तिच्या पोटात दुखायला लागलं. गावच्या औषधाने राहीना म्हणून गोव्याला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि काय ते सांगितलं. मी ते कोणाला बोललो नाही. मिस्तऱ्याने मात्र सगळ्यांचे नंबर बंद केले. जो येईल त्याला सांगायचा, "एक काम धरलेला आसा, ता संपांदे." वाडीतलं कोणी कुरकुरलं नाही. रोज दिवेलागणीला आमचाच पत्ता, आमचीच माणसं, आणि शेवटी, "ह्या कामाक उशीर चलाचो नाय, देवा. लाकूड ओला असला तरी चलात." ती आत खाटेवर पडल्या पडल्या ऐकायची. साकव चुकला तर आता आतून हळूच सांगायची. ते त्याला ऐकू जायचं नाही, मला जायचं.

माघात ती गेली.

मिस्तरी आला. दारात उभा राहिला, दाराची बिजागरी हलवून बघितली आणि गेला. त्या दिवसापासून क्रुसापुढची मेणबत्ती बंद. लोक परत नंबर लावायला गेले तर म्हणाला, "धंदो बंद केलंय." दिवेलागणीला इतकी वर्षं मी त्या बोंबेला कंटाळायचो. आता ती वेळ आली की मी उगाच उठून विहिरीवर जाऊन यायचो. पाणी नको असायचं.

पाडवा झाल्यावर एकदा मीच कुंपण ओलांडून गेलो. तो फळीवर रंधा मारत बसला होता. कसली फळी, कोणासाठी, काही नाही, नुसताच. मी विचारलं, मागणं का बंद केलंस? तो रंधा थांबवून म्हणाला, "वयनीच्या कामात माझी चूक झाली."

"खयची चूक?"

"एक दिस खाडो केलंय."

ती जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मी औषध आणायला गोव्याला गेलो होतो आणि तो तिच्या खिडकीला कान लावून बसला होता. तिने त्याला सांगितलं, "मिस्तऱ्यानु, मास्तरांच्या सुनेचे दिवस भरले हत. आज तिचा मागा. माझा एक दिस ऱ्हवला तर काय बिघडाचा नाय." आणि याने ऐकलं. मास्तरांची सून सुखरूप सुटली, मुलगी झाली. "हातात धरलेला काम मधीच सोडून दुसऱ्याचा घेतलंय," तो म्हणाला. "तो सुतार आसा रे. तेका ह्या कळता. असो सोडलेला काम कोण परत हातात घेणा नाय."

खोटं कशाला सांगू, घडीभर मला बरं वाटलं. राग काढायला माणूस मिळाला. इतके दिवस राग कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. पण समोर तो म्हातारा रंध्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता, आणि खरं काय ते मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मिस्तऱ्या, ती जावचीच होती. शिमगो बगूची नाय, म्हणून डॉक्टरान माका गणपतीतच सांगलेला."

त्याने मान वर केली. "तुका ठावक होता?"

"होता."

"आणि मी रोज थंय बोंब मारी होतंय, ती तू ऐकी होतंस?"

"ऐकी होतंय."

"मगे माका सांगूक नाय कित्याक?"

"सांगलं असतंय तर तू थांबलं असतंस."

त्याने बाहीने डोळे पुसले. डोळ्यांत पाणी होतं की लाकडाचा भुसा गेला होता, देव जाणे. मग म्हणाला, "मी थांबतंय कशाक? पण मेल्या, मागी होतंस तूच. मी नुसतो ओरडी होतंय."

त्याच्या देवाने त्याचं ऐकलं की नाही, माझं ऐकलं की नाही, हे मी अजून सांगू शकत नाही. ती राहिली नाही एवढं मला कळतं.

त्याने उठून कोरा चहा केला, साखर नेहमीसारखी जास्त. फळीवरच दोघे बसलो. परसातल्या फणसाला कोवळी कुयरी धरली होती, ती बघून त्याला आठवण झाली असावी. "वयनी कुयरीची भाजी करी," तो म्हणाला. "पानात घालून कुंपणावरसून देय. रागावू नको हां, पण मीठ कमी असायचा."

"कमीच असायचा," मी म्हटलं. "बेचाळीस वर्षां मी तिका रोज सांगलंय, आणि ती रोज तेवढाच घाली."